माडीवरचा फोन

किर्र... टँव टँव... आणि मग तापल्या तव्यावर पाणी शिंपडावं तसा चरचराट. मोडेमचा हा आवाज तुम्ही पोरांनी ऐकला नसेल. तेव्हा इंटरनेट टेलिफोनच्या तारेतून यायचं आणि येताना असं कण्हत यायचं. मांडवीत आमच्या खोलीला लागूनच शौनकचं घर. रोज रात्री भिंतीतून मला तो आवाज यायचा.

"म्हणजे मोडेमचं भूत काय, आबा?"

हास बाबा केतन. शौनकही हसायचाच.

हुशार होता, त्याला मी नाही म्हणत नाही. पुण्याला शिकून आलेला. पण त्याच्या लेखी त्याच्याखेरीज सगळे बैल. मी रिक्षा चालवायचो, म्हणजे मी बैल होतोच. त्याच्या कॉम्प्युटरवर लिनक्स होतं, म्हणून विंडोजवाले सगळे अडाणी. माउस हातात धरणारे त्याहून अडाणी. तो आपला काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं बडवत बसायचा. त्याला टर्मिनल म्हणायचा. एवढं शिकून माणसाला दुसऱ्याकडे नीट बघायला कसं येत नाही, हे मला कधी कळलं नाही.

त्याची आई आनंदीबाई. पाय गेलेले, माडीवर पडून असायची. उशाशी फोन. लाइन एकच, खाली एक फोन आणि वर एक. त्या माउलीची एकच आस होती, लेकीचा फोन यावा. ऋजुताने मनाने लग्न केलं, जातीबाहेर, आणि मडगावला गेली. शौनक म्हणाला, आमच्यासाठी मेली ती. एकदा तिचा फोन आला. मी दारात उभा होतो. यानेच उचलला. आवाज ओळखला, "राँग नंबर" म्हणाला, ठेवला. आणि माझ्याकडे बघून हसला. काय कमावलं त्यात, त्यालाच ठाऊक.

पुढे त्याने माडीवरच्या फोनची घंटी बंद करून टाकली. झोपमोड होते म्हणे आईची. मग ती बिचारी काय करायची, मधूनमधून रिसीव्हर उचलून कानाला लावायची. न जाणो, पलीकडे लेक असली तर. तिने उचलला की खाली याचं इंटरनेट तुटे. पडद्यावर कचरा अक्षरं उमटत आणि खाली दोन शब्द, नो कॅरिअर. की हा जिन्यातून ओरडलाच. "ठेव तो. तुला कोण फोन करणार आहे?"

दिवाळी झाली आणि आनंदीबाई गेली. ऋजुताला कळवलं नाही. मी विचारलं तर म्हणाला, "कोण ऋजुता?"

दहाव्याला किनाऱ्यावर पिंड ठेवले. मीच रिक्षातून नेलं होतं सगळ्यांना. कावळा काही शिवेना. समोर माडावर बसलेले, पण खाली येईनात. भटजी म्हणाले, मनात काही राहिलं असेल तर शब्द द्या. हा घड्याळ बघत उभा. शेवटी कंटाळून म्हणाला, "बरं बाई, तुझा फोन नाही काढत. ऋजुताचा आला तर तुलाच देईन."

स्वतःच हसला. कावळा आला, शिवून गेला.

आता ती रात्र. दोन हजार एक सालची कार्तिक अमावास्या, शुक्रवार. शौनकने अमेरिकेतल्या कुठल्याशा कंपनीसाठी प्रोग्रॅम लिहिला होता. आपल्याकडे उजाडायच्या आत तो गेला पाहिजे, तर पुढचं काम याला, नाहीतर दुसऱ्याला. फाइल अर्धी जाई आणि लाइन तुटे. त्याने केबल बदलली. वेग कमी केला. टर्मिनलमधून मोडेमला एकेक हुकूम देऊन बघितला. पुन्हा तेच. कचरा अक्षरं... नो कॅरिअर.

वर कुणी रिसीव्हर उचलला की जसं व्हायचं, अगदी तसं. आणि माडीला तर कुलूप.

अकरा वाजून गेल्यावर माझं दार वाजलं.

"सहदेवकाका, पक्कड द्या."

"आता? कशाला रे?"

"वरच्या फोनची वायर तोडायचीय. दमटली असणार, तीच त्रास देते."

"अरे, किनाऱ्यावर शब्द दिलायस."

"कावळ्याला दिलाय. त्याने मोडेम बघितलाय का? तुमच्यासारख्यांना सांगून उपयोग नाही. पक्कड द्या."

घेऊन गेला. पुढचं त्यानेच सांगितलं. माझ्याच पायरीवर बसून. पहाटेपर्यंत.

वायर त्याने जिन्यातच तोडली. दोन्ही टोकं लोंबत ठेवली. खाली आला, टर्मिनलसमोर बसला. नंबर फिरवायचा हुकूम दिला. मोडेमने लाइन घेतली. आता तो कण्हायला हवा.

कण्हला नाही.

मोडेमला बारकासा स्पीकर असतो. त्यातून... बोलणं येत होतं. दोन बायका. हळू, घरगुती. जेवलीस का, कितवा महिना, असं. मग एक हसली.

ते हसणं त्याच्या ओळखीचं होतं.

त्याने भिंतीतून मोडेमची तार उपटली. स्पीकर गप्प झाला.

बोलणं थांबलं नाही.

ते वरून येत होतं.

तो जिना चढला. तोडलेली वायर हाताला लागली. दाराला कुलूप तसंच. किल्ली याच्याच खिशात. त्याने दाराला कान लावला. आत आनंदीबाई बोलत होती. सावकाश. जन्मभर पुरेल एवढा वेळ असल्यासारखी.

मग थांबली.

"थांब हं. दारात कुणीतरी आहे."

आत शांत. बाहेर शांत... दाराच्या पलीकडे अगदी जवळ, कुणी ऐकत असल्यासारखं...

"काही नाही गो. कुणी नाही. तू बोल."

...

फाइल गेली नाही. काम दुसऱ्याला मिळालं. पण ते विचारायलाही हा उठला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी स्टेशनवर होतो. मडगावकडची गाडी लागली. ऋजुता उतरली. पोट दिसत होतं.

"सहदेवकाका, मांडवी."

"काय गो, एकटीच?"

"आईने बोलावलंय. रात्री किती बोललो आम्ही. मला वाटायचं, तीच रागावलीय."

मी रिक्षा चालू केली. माझ्याने पुढे काही विचारवेना. आई गेल्याचं सांगणं तर दूरच.

शौनक पडवीत बसला होता.

"आई वर आहे ना?" तिने विचारलं.

त्याने भिंतीकडे बोट केलं. हार घातलेला फोटो. ती बघत राहिली. मी उंबऱ्याबाहेर होतो, मान खाली घालून.

मग ती माजघरातून थेट स्वयंपाकघरात गेली. तांदळाच्या पिंपाचं झाकण काढलं, बाही वर सारली आणि कोपरापर्यंत हात आत घातला. शोधावं लागलं नाही. पांढऱ्या फडक्याची पुरचुंडी वर आली. गाठ सोडली, तर तान्ह्या बाळाचे चांदीचे वाळे.

"हे... तुला कुणी..." शौनक म्हणाला.

पिंपात तांदळाला खळगा पडला होता. तो हळूहळू भरत होता.

तिने वाळे मुठीत धरले. त्याच्या अंगावरून पुढे आली, पडवी उतरली. मी रिक्षाचं हँडल धरून उभा होतो. माझ्याही शेजारून गेली आणि भर उन्हात रस्त्याने चालू लागली.