कपाटाच्या दोन किल्ल्या

रुग्ण कळवळून ओरडत होता. वेदनाशामक इंजेक्शन नुकतंच दिलं होतं, पण बाटलीत औषध नव्हतंच. साधं पाणी!

मेट्रनने थेट धाकट्या बहिणीला फोन लावला. बहीण पोलिसांत तपासनीस. आई गेल्यावर तिची वेणी घालण्यापासून सगळं ताईनंच केलेलं.

“चोर सापडल्यात जमा आहे,” बहीण वॉर्डात येताच ताईने तक्ता पुढे सरकवला. “कंत्राटी पोरी आहेत त्या वॉर्डांत औषधाचं पाणी. कायमच्या नर्स आहेत तिथं सगळं ठीक. इंजेक्शन हिनं दिलंय, हिला घेऊन जा.”

कंत्राटी नर्स भिंतीला टेकून उभी होती.

“आधी कपाट बघू,” तपासनीस म्हणाली.

ताईने कमरेच्या जुडग्यातली एक किल्ली फिरवली, मग दुसरी. तपासनिसाने आतल्या सीलबंद बाटल्या तपासणीला पाठवल्या.

“कपाटातून औषध तू काढतेस?” तिने नर्सला विचारलं.

“मी? मला इथं चहाचा कपसुद्धा मोजून देतात! बाटली मेट्रनबाई काढून देतात.” मग आवाज बसला. “बाई, माझ्या नावावर केस झाली तर मला कुठेच कामाला घेणार नाहीत हो.”

शेजारच्या वॉर्डात सगळ्या नर्स कायमच्या. तिथली सिस्टर हसली. “आमचं कपाट एकटीला उघडत नाही. एक किल्ली माझ्याकडे, एक मेट्रनबाईंकडे. नवरा-बायकोच्या लॉकरसारखं.”

“आणि कंत्राटी पोरींच्या वॉर्डात?”

“त्यांच्या हातात किल्ली कोण देतंय?”

संध्याकाळी तपासनिसाने मेट्रनच्या खोलीचं दार आतून लावून घेतलं.

“ताई, कपाटातल्या सीलबंद बाटल्यांतही पाणीच निघालं, सील पुन्हा चिकटवलेली. म्हणजे अदलाबदल कपाट उघडणारीनेच केली.”

“आणि माझा तक्ता? तो खोटा?”

“खरा आहे. पण तो वॉर्डांचा आहे गं, माणसांचा नाही. कंत्राटी पोरी आहेत तिथं चोरी होते, एवढंच तो सांगतो. चोरी त्याच करतात, हे तू त्यात घुसडलंस. त्या असतात तिथं दुसरी किल्ली सांभाळायला कायमची नर्स नसते. मग दोन्ही किल्ल्या एकाच कमरेला.”

ताई खुर्चीत बसली. “पाठ धरायची. आधी एकच बाटली घेतली होती. मग सुटेना.”

“मला सांगायचंस. आणि त्या पोरीला बळी देताना मलाच का बोलावलंस?”

“दुसऱ्या कुणी माझी झडती घेतली असती,” ताई हळू म्हणाली. “तू घेणार नाहीस, वाटलं.”

आणि धाकटी दिवसभर समजत होती, आपण चोर शोधू या भरवशानं ताईने बोलावलंय.

तिने हात पुढे केला. “किल्ली.”

ताईने जुडग्यातली एक सोडवून दिली.

“दोन्ही, ताई.”