शेवटची फरशी

ही माझ्या सख्ख्या मामाची गोष्ट. विश्वास ठेवा नाहीतर राहू द्या. पण त्या स्वयंपाकघरात मी स्वतः जाऊन आलोय.

मामा फरशी बसवायची आणि रंगकामाची छोटी कंत्राटं घेतो. त्याच्याकडे एक म्हातारा मिस्त्री होता. बसवलेली प्रत्येक फरशी थापीच्या दांड्याने वाजवून बघायचा, म्हणून सगळे त्याला टकटक्या म्हणायचे. त्याची एक खोड होती. शेवटची फरशी सिमेंट न लावता नुसती ठेवायचा. मजुरी हातात पडली, की मगच बसवायचा.

एका इमारतीच्या मालकाने मामाला पैशांसाठी आठ महिने झुलवलं. मामाने टकटक्याला. त्यातच टकटक्या आजारी पडून गेला. मामाने त्याच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, शब्द दिला, बिल आलं की पहिले पैसे तुमचे.

शेवटी मालकाचा निरोप आला. राहिलेली फरशी बसव, चेक घेऊन जा.

मंगळवार होता. भर दुपारी मामा एकटाच तिसऱ्या मजल्यावर गेला. सिमेंट पसरलं, फरशी दाबली.

आणि शेजारच्या खोलीतून...

टक. टक.

मामाने जाऊन पाहिलं. कोणी नाही. धुळीत एक पाऊल उमटलेलं नाही.

परत आला, तर फरशी भिंतीला टेकून उभी!

तीनदा बसवली. तीनदा तेच.

"वहिनींचे पैसे उद्याच देतो," तो मोठ्याने म्हणाला. "पोरांची शपथ."

आवाज थांबला. फरशी बसली.

चेक वटला. पण घराचे तीन हप्ते थकले होते. मामाने आधी बँकेचं तोंड बंद केलं. वहिनींचं पुढच्या बिलात बघू म्हणाला.

त्याच संध्याकाळी मामी स्वयंपाकघरात ओट्याशी उभी होती. तिच्या पायाखाली...

टक. टक.

फरशी डुगडुगत होती. उचलली, तर खाली सिमेंटचा कण नाही. मामाच्या घराची फरशीही टकटक्यानेच बसवलेली.

सकाळी मामाने फरशी कापायचं मशीन विकलं आणि वहिनींच्या हातात पैसे ठेवले. तिथेच त्याला रडू फुटलं. घरी येऊन बघतो, तर फरशी चपखल बसलेली. सांध्यातलं सिमेंट अजून ओलं. मामी म्हणाली, घरात कोणीच आलं नव्हतं.

परवा मी त्यांच्याकडे जेवायला होतो. मामी सहज म्हणाली, "अहो, दोन दिवस झाले, भिंतीवर कोणीतरी पॉलिश पेपर घासतंय असं वाटतं."

मामाचा घास हातातच राहिला.

त्याच इमारतीच्या रंगाऱ्याचे पैसे द्यायचे राहिलेत. पण रंगारी तर धडधाकट आहे... निदान गेल्या आठवड्यात तरी होता.

मामा तेव्हापासून त्याला फोन लावतोय. कोणी उचलत नाही.