एक जूनचा धनी

बसा की पावणं, निवांत बसा. कुरुंदवाडची गाडी अजून फलाटाला लागलेली न्हाय, आणि आज ती येळेवर लागंल असं काय वाटत न्हाय. बघताय न्हवं, तोरणं बांधाय लागल्यात, गाड्यांच्या तोंडाला झेंडूचे हार घालाय लागल्यात. एस्टीचा वाढदिवस हाय आज. पूजा हुईल, पेढं वाटतील, मग गाड्या हलतील.

ह्या किटलीकडं काय बघताय? दूध हाय आत. झाकण न्हाय, म्हणून तोंडाला फडकं बांधलंय. नवीन बसवून घ्या म्हणताय व्हय? एवढं मला कळत न्हाय का? पर ह्या किटलीला झाकण बसवायचं नसतंय. गाडीला येळ हाय, सांगतो. फकस्त ऐकून मला खुळ्यात काढू नका.

मी बाळासो. ह्याच स्टँडावर कंट्रोलर हुतो. त्या तिथल्या काचेच्या खोलीत, माइकम्होरं. मिरज गाडी कुठं लागली, गारगोटी गाडी कुठं लागली, सगळं माझ्या तोंडनं. आणि रोज सकाळी पहिल्यांदा माइक हातात घेतला की मी दिनविशेष सांगायचो. कुणी सांगितलं न्हवतं, माझीच हौस. आज कोण जन्मलं, कोण गेलं, जगात कसला दिवस पाळत्यात. लोक गाडी चुकवून ऐकायचे. बरं, चुकवून न्हाय, पर चहाचा कप हातात धरून थांबायचे एवढं खरं.

आणि एक जूनला तर माझा नाद करायचा न्हाय! "मंडळी, आजच्या दिवशी एस्टीची पहिली गाडी पुण्यास्नं नगरला सुटली. आज जागतिक दूध दिन. आज जागतिक पालक दिन. आज नर्गिसचा जन्म. आणि आज तुमच्या पिराजी ऊर्फ बाळासोचा बी वाढदिवस!" अख्खा स्टँड हसायचा. कारण निम्म्या स्टँडाचा वाढदिवस त्याच दिवशी. आमच्या टायमाला पोराची जन्मतारीख कुणाच्या आईला ठावं हुती? मास्तर शाळेत नाव घालताना सरसकट एक जून लावायचे आणि इषय संपवायचे. म्हणून तर मे सरला की सरकारी हापिसं रिकामी हुत्यात. मी बी तसाच रिटायर झालो.

घरात मी बाळासो, शाळेच्या दाखल्यावर पिराजी. दोन नावं कैक जणांस्नी असत्यात. मी कधी इचार केला न्हवता.

माझी रिटायरमेंट आणि सून संयोगिताचं बाळंतपण एकाच आठवड्यात आलं. आमची मंडळी, म्हंजे माझी बायको, आदीच गेलती, त्यामुळं ह्या बाळाकडं मी डोळं लावून बसलेलो. डॉक्टर म्हणाले, मूल आडवं हाय, सिझर करावं लागणार, तुमच्या सोयीचा दिवस सांगा. माझा पोरगा राजवर्धन पंचांग बघाय लागला. मी म्हणलं, "त्ये ठेव बाजूला. एक जून. आजा आणि नातवंड, दोघांचा वाढदिवस एका फ्लेक्सवर." राजारामपुरीत आमच्या गल्लीच्या तोंडाला फ्लेक्स लागला बी. मी गॉगल घालून, आणि बाळाच्या जागी कमळाचं फूल. हसताय व्हय? हसा. गल्ली बी हसत हुती.

त्या फ्लेक्सचा फोटो कुणीतरी आमच्या गावाकडं, कुरुंदवाडला, आत्तीला दाखवला. चिमणाबाई आत्ती, माझ्या बाची बहीण. गुडघ्यानं अधू झालेली बाई, पर आदल्या दिवशी सांजच्याला एकटी एस्टीनं येऊन दारात उभी. हातात फडक्यात गुंडाळलेली ही किटली. पाणी बी घेतलं न्हाय तिनं.

"बाळ्या, दिवस बदल."

"का गं?"

"त्यो दिवस तुझा न्हाय. नाव बी तुझं न्हाय."

मग तिनं सांगितलं. मला एक थोरला भाऊ हुता. पिराजी त्यो. मी तवा रांगत हुतो. मास्तर पोरांची नावं घालत दारोदार फिरत आलते. जन्मतारीख इचारली, आईला सांगता येईना. मास्तर म्हणाले, आज एक जून, हीच घालू. लेकाचं नाव शाळेत लागलं म्हणून माझ्या आईला, अंबूबाईला, आभाळ ठेंगणं झालं. तिनं पितळी किटली दुधानं भरून पोराच्या हातात दिली. म्हणली, जा, गुरुजींना दिऊन ये. मास्तरांचं घर मळ्यापल्याड, वाटंत विहीर. पोरगं झाकण खुळखुळ वाजवत गेलं. ते वाजणं घरापातूर ऐकू येत हुतं, मग थांबलं. सगळी पळत गेली तवा किटली काठावर हुती, भरलेली. झाकण न्हवतं आणि पोरगं बी न्हवतं. पोराला वर काढला. झाकण गावलंच न्हाय.

"आणि मी?"

"तू शाळंजोगा झालास तवा मास्तर म्हणाले, नाव पटावर हायच, कशाला खोडायचं? ह्यालाच त्या नावावर बसवा. बसवला तुला." आत्तीनं किटली माझ्याम्होरं सरकवली. "वैनी दरसाल एक जूनला पहाटं ही भरून विहिरीच्या काठावर ठेवायची. तिच्या माघारी मी ठेवते. दुसऱ्या दिवशी रिकामी असतीया."

"मांजर पित असंल."

"मांजर किटली धुऊन पालथी घालत न्हाय, बाळ्या."

मला राग आला, पावणं. खरं सांगतो, भ्या न्हाय वाटलं, रागच आला. जलमभर ज्या नावानं पगार घेतला, ज्या नावानं बोहल्यावर उभा ऱ्हायलो, ते कुणा मेलेल्याचं? मी म्हणलं, "आत्ती, वय झालं तुझं. झोप गप." ती झोपली न्हाय. भितीला टेकून किटली मांडीवर घेऊन बसून ऱ्हायली.

संयोगिता आदल्या दिवसापास्नंच दवाखान्यात, राजवर्धन बी तिच्यापाशीच. सकाळी मी आत्तीला घरात ठेवून स्टँडावर आलो. रिटायर झालो तरी एस्टीच्या पूजेला यायचंच. माझ्या जागी आलेला मोहसीन, लई गुणी पोरगं, माइक माझ्या हातात दिऊन म्हणला, "काका, आज तरी तुम्हीच सांगा. लोक वाट बघाय लागल्यात." मी चालू केलं. एस्टीची पहिली गाडी झाली. दूध दिन झाला. पालक दिन झाला. आणि "आज" म्हणलो आणि माझी जीभच उचलंना. पिराजी हे नाव तोंडातनं निघंना. मी बटण बंद केलं. माझ्या ह्या हातानं बंद केलं.

तरी भोंग्यातनं आवाज आला.

पयलं खुळखुळ... पितळेवर पितळ वाजल्यागत. मग बारीक पोराचा आवाज. ओला. पाण्यातनं बोलल्यागत.

"आज पिराजीचा वाढदिवस... आज मला कुणी दूध ठेवलं न्हाय."

फलाटावर दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या. मोहसीन हसत म्हणला, "काका, कुणाचं पोरगं आणलंय? झ्याक बोलतंय की!" खोलीत आमी दोघंच हुतो. आणि वास आला, पावणं. शेवाळाचा, आणि त्यात कच्च्या दुधाचा. तवा माझ्या टाळक्यात परकाश पडला. आत्ती रातभर माझ्या घरात. किटली बी माझ्या घरात. कुरुंदवाडला विहिरीवर ठेवणार कोण? तेवढ्यात राजवर्धनचा फोन. "आण्णा, संयोगिताला पहाटंच कळा आल्या. आत न्हेलंय. आत्ती बी रिक्षा करून आलीया इथं. तुम्ही या."

रिक्षातनं कसा गेलो ते मला ठावं न्हाय. दवाखान्याच्या जिन्यात लाईट गेलेली. पायऱ्यांवर पांढरं थेंब सांडलेलं, एकेका पायरीवर एकेक. वरनं कुणीतरी नर्स वराडत हुती, "कुणाचं पोर दूध सांडत फिरतंय रे?" मी वर गेलो तर राजवर्धन औषधं आणाय खाली गेलता आणि आपरेशनच्या दाराम्होरं बाकड्यावर आत्ती एकटी. डोळं मिटलेलं, मांडीवर रिकामी किटली. आतनं काय आवाज न्हाय. बाळाचा न्हाय, डॉक्टरचा न्हाय.

"आत्ती..."

"गप. आलाय त्यो."

बोळाच्या त्या टोकाला खुळखुळ वाजलं. थांबलं. परत वाजलं, जरा अलीकडं. मला दिसत काय न्हवतं. फरशी तेवढी ओली हुईत येत हुती.

"त्याचा दिवस, त्याचं नाव त्याला दे," आत्ती म्हणली. "तुझ्या तोंडानं दे."

मी हात जोडलं. मी म्हणलो, "दादा... दिवस तुझा. नाव तुझं. सगळं तुझंच, दादा. आजचं तेवढं निभावून ने."

खुळखुळ थांबलं. लाईट आली. आणि आत बाळ रडलं.

नात झाली. दोघी सुखरूप. मी तिथंच फरशीवर बसून ढसाढसा रडलो. पर आत्ती काय हसली न्हाय. माझ्या तोंडाकडं बघत ऱ्हायली आणि हळूच म्हणली, "दिवस दे म्हणलं हुतं, लेकरा. नाव दे म्हणलं हुतं. सगळं कशाला म्हणालास?"

फ्लेक्स मी त्याच दिवशी उतरवला. परत माइक हातात घेतला न्हाय. नातीचं नाव ठेवलं क्रांती. दाखल्यावर एक जून हाय, ते काय बदलता आलं न्हाय, पर तिचा केक आमी दुसऱ्या दिवशी कापतो. एक जूनला आमच्या घरात कुणी कुणाला शुभेच्छा देत न्हाय. आत्ती हुती तवर दूध ती ठेवायची. आता ती बी गेली, म्हणून ही किटली घेऊन मी जातो. जायचं, काठावर ठेवायचं, मागं न बघता यायचं. क्रांतीला ह्यातलं काय ठावं न्हाय. राजवर्धनला न्हाय, सुनंला न्हाय. मी कुणाला सांगितलेलंच न्हाय. आज तुम्हालाच पयल्यांदा सांगतोय, आणि त्याला बी कारण हाय.

क्रांती यंदा पहिलीत चाललीया. गेल्याच आठवड्यात शाळेत नाव घातलं. आज सकाळी मी किटलीत दूध ओतत हुतो तर पोरगी डोळं चोळत आली आणि म्हणली, "आज्जा, आमच्या शाळेत तर मिस हाईत. मग गुरुजींना दूध कशाला द्यायचं?"

मी म्हणलं, "कोण म्हणलं तुला, बाळा?"

"दादा म्हणला. जिन्यातला."

माझ्या हातातनं दूध सांडलं. मी राजवर्धनला उठवला. म्हणलं, "मी येईपातूर पोरीला कुणासंगं भाईर सोडायचं न्हाय. कुणासंगंच न्हाय. दाराला कडी लाव." त्यानं मला खुळ्यात काढलं, पर कडी लावली. आवाज ऐकूनच मी जिना उतरलो. आता कवा एकदा ही गाडी लागती आणि कवा त्या विहिरीवर जाऊन पाय धरतो असं झालंय. म्हणणार हाय, दादा, सगळं म्हणालो ते चुकलं, पोरगी न्हाय त्यात...

थांबा हं. राजवर्धनचाच फोन हाय. ह्या दंग्यात ऐकू येत न्हाय, स्पीकरवर टाकतो.

"हां, बोल रं."

"आण्णा, कुठं हाईसा? येतो म्हणून गेलाय, क्रांतीचं दूध गार झालं की."

"कुठं म्हंजे... स्टँडावर. क्रांती कुठं हाय?"

"आता मला काय इचारताय? तुम्हीच न्हेली की. मघाशी परत आला, दार वाजवलं..."

"मी... न्हाय रं. मी स्टँडावर हाय मघापास्नं."

"आण्णा, चेष्टा करू नका सकाळी सकाळी. मीच कडी काढली की. तुमचा हात धरून गेली. गुरुजींना दूध देऊन येतो म्हणालासा. संयोगितानं बी बघितलं. तुमची कापडं तेवढी भिजलेली हुती... ती इचारत बी हुती, आण्णा कशानं भिजलं म्हणून."

"राजवर्धन... पोरीच्या हातात काय हुतं?"

"हातात? झाकण की. पितळी. तुमच्या त्या किटलीचं. तुम्हीच दिलं न्हवं खेळायला? वाजवत वाजवत जिना उतरली... आण्णा? हॅलो... आण्णा?"

पावणं... ही बघा किटली. माझ्या मांडीवर हाय. तुम्ही बसल्यापास्नं मी हितंच हाय न्हवं? हितंच बसून तुमच्याशी बोलतोय न्हवं मी? ह्यो फोन धरा. माझ्या पोराला सांगा की... मी कुठं उठून गेलतो का?