आईचं पान

शेकोटीत काटक्या सारत दत्तोपंत म्हणाले, "भीमाशंकर मास्तर माझा आतेभाऊ. त्याच्या तोंडून ऐकलं म्हणून सांगतो, दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मीही हसलो असतो."

सत्तावन सालची येळवस, शेतात पूजा करून जेवायचा सण. मार्गशीर्षातली अवस, शनिवार. मास्तर पुण्याहून शिकून कळंबजवळच्या शाळेवर नुकताच आला होता. त्याच गावची सारजाबाई धाराशिवच्या तुरुंगात होती. नवरा दारूच्या नशेत धाकट्या पोराला विहिरीत टाकायला निघाला, तेव्हा तिनं त्याला कोयत्यानं तोडलं होतं. नऊ वर्षांची चंद्री आणि चार वर्षांचा बाळू मग दिराकडं, बलभीमकडं, राहिले. लेकरांना आईला भेटवायची परवानगी मास्तरानं खटपट करून मिळवली होती. तेवढंच सांगायला दिवस कलता सायकल काढून तो बलभीमच्या शेतात गेला.

कडब्याची झोपडीवजा कोप, आत पाच पांडव म्हणून मांडलेले चुना लावलेले दगड, समोर मिसळीच्या भाजीची, म्हणजे भज्जीची, अन् आंबिलीची पानं. येळवशीला वाटसरूलाही उपाशी धाडत नाहीत.

"या मास्तर. पुण्याच्या तोंडाला आमची आंबिल चालती का?" बलभीम हसला.

बाळू मास्तराला येऊन चिकटला. त्याच्या पाठीवर आसुडाचे वळ होते. चंद्रीच्या केसांच्या जटा झाल्या होत्या.

"फणी का नाही गं लावत?"

"येणी आईच घालती," ती म्हणाली. मग हळूच, "भज्जी म्या केलीया, मास्तर. चुलतीनं न्हाय."

तेवढ्यात बलभीमला पांडवांपाशी मांडलेलं एक जास्तीचं पान दिसलं.

"ह्ये कुणाचं?"

"आईचं."

त्यानं पान लाथेनं उडवलं. "माझा भाऊ खाल्ला तिनं! तिला पान?" केसांना धरून त्यानं पोरीला फरफटत नेलं, कोपीच्या मेढीला, मधल्या खांबाला, बांधलं. दिवस बुडाला होता. पिकाभोवती फिरवायची कडब्याची मशाल त्यानं पेटवली. मास्तर मधे पडला. आसुडाचा दांडा त्याच्या तोंडावर बसला. दोन दात मातीत पडले.

"ह्या जटाच पेटवतो."

मशाल चंद्रीच्या केसांकडं गेली...

अन् थांबली.

जाळ मधोमध दबला. कुणी मुठीत धरावा तसा. पण तिथं कुणी नव्हतं.

"सोड," बलभीम म्हणाला. कुणाला... ते त्यालाही कळेना.

त्याचं मनगट वळलं. आणखी वळलं. कडकन मोडलं. मशाल उलटी फिरली. त्याच्याच तोंडात गेली. तो ओरडला... मग ओरडणंही भाजून गेलं.

काळोख.

मास्तर जागचा हलला नाही. काळोखात आवाज येत होता. सर्र... सर्र... जट सोडवत फणी फिरावी तसा.

मग बाळू बोलला. "आई... मला बी."

मास्तरानं काडी ओढली. बलभीम पडला होता, अर्धा चेहरा काळा. दोरी सुटलेली. चंद्रीच्या पाठीवर चापूनचोपून घातलेली वेणी. उडवलेलं पान पुन्हा जागेवर होतं. पुसल्यासारखं साफ.

दुसऱ्याच दिवशी मास्तर लेकरांना घेऊन तुरुंगात गेला. पहारेकरीण दारातच कुजबुजली, "हिच्या कोठडीला काल सांजेपासनं कुलूप हाय. आत काडीपेटी बी न्हाय. हात कशानं भाजलं इचारलं, तर बोलत न्हाय."

सारजाबाईचे दोन्ही तळवे करपले होते. तिनं ते गजांतून बाहेर काढले, लेकीची वेणी चाचपली. घट्ट होती.

"चंद्रे," ती म्हणाली, "भज्जीत मीठ कमी पडलं गं, बाई."