फोटोबरहुकूम

सायकलमिस्त्री सायकल चालवत आले नाहीत. ती खांद्यावर टाकून जिना चढले, ताईच्या कचेरीत भिंतीला टेकवली आणि मटकन खुर्चीत बसले. जुन्या घडणीची, निळी, आरशासारखी लखलखीत अशी ती शर्यतीची सायकल होती. फक्त तिला सीट नव्हती.

"नळीसकट उपटून नेली," मिस्त्री म्हणाले. "आणि उद्या सकाळी काकांची फेरी आहे."

ताई खाजगी तपासनीस होती. तिचा धाकटा भाऊ तिचा मदतनीस. हे बंधुराज स्कूटर उत्तम चालवायचे आणि हकीगत पुरती ऐकायच्या आत गुन्हेगार जाहीर करून मोकळे व्हायचे. आत्ताही त्यांनी मिस्त्रींकडेच संशयाने पाहिलं. ताईने त्यांना डोळ्यांनी गप्प केलं.

मिस्त्रींनी सगळं सांगितलं. तुफानकाका म्हणजे एके काळचे गाजलेले शर्यतवीर. अडगळीत गंजून गेलेली त्यांची सायकल मिस्त्रींनी हाडाची काडं करून पुन्हा उभी केली होती. उद्या तरुण पोरांच्या शर्यतीआधी मैदानाला मानाची पहिली फेरी काका मारणार होते. या फेरीपायी म्हातारा नव्याने जगायला लागला होता आणि रोज दुकानात येऊन मिस्त्रींचं डोकं खात होता. दुसरी सीट बसवावी, तर असली बारीक नळी आता कुठेच मिळत नव्हती.

आज दुपारी मिस्त्री शटर अर्धं ओढून जेवायला गेले होते. तेवढ्यात समोरच्या शिंप्याने तिघांना एकामागून एक आत डोकावताना पाहिलं होतं, कोण आधी आणि कोण नंतर ते मात्र त्याला आठवत नव्हतं. काका, काकांची सून आणि काकांचे जुने प्रतिस्पर्धी. हे गृहस्थ जन्मभर काकांच्या मागे दुसरे येत राहिले, म्हणून त्यांना सगळे उपविजेते म्हणत. तिघांच्याही हातात पिशव्या होत्या.

"काकांना सोडा," मिस्त्री म्हणाले. "त्यांचीच तर सायकल."

त्यांनी खिशातून एक जुना फोटो काढला. सायकलवर ऐटीत बसलेले तरुण तुफान, आणि शेजारी त्यांच्याहून वीतभर उंच असूनही हरलेले, तरी खदाखदा हसणारे उपविजेते. हँडलचा कोन, सीटची उंची, सगळं मिस्त्रींनी या फोटोबरहुकूम लावलं होतं. "सुताचा फरक नाही," ते म्हणाले, आणि तेवढ्या दुःखातही त्यांची छाती फुगली.

ताईने सायकल निरखली. सीटची नळी जिथे बसते त्या भोकात स्वच्छ चिंधी नीट कोंबलेली होती. तिथला नट पुन्हा आवळून ठेवलेला होता. आणि पुढच्या आडव्या दांडीच्या नव्या रंगावर एक बारीक, ताजा ओरखडा होता. त्यावरून बोट फिरवताना मिस्त्रींना गहिवरून आलं.

बंधुराजांनी जिन्यातच निकाल दिला. काका बाद झाले तर फेरीचा मान उपविजेत्यांना, तेव्हा चोर तेच.

उपविजेते अंगणात स्वतःची सायकल पुसत होते. अंगात बनियन आणि नेहमीची इलॅस्टिकची ढगळ पँट. त्यांनी काहीच लपवलं नाही. "गेलो होतो की. बसूनही पाहिलं. तुफानची सीट मला काय फिट बसली म्हणून सांगू."

ताईने त्यांच्या जुन्या दिवसांची चौकशी केली, आणि गृहस्थ खुलले. शर्यतीसाठी परगावी मुक्काम पडला की कोणी खोडी करू नये म्हणून ते सगळे सीट काढून उशाखाली घेऊन झोपत. भोकात चिंधी कोंबायची, म्हणजे धूळ जात नाही. नट लगेच फिरवून ठेवायचा, म्हणजे हरवत नाही. हातालाच तशी सवय लागलेली.

"झालं, कबुलीच दिली," बंधुराज कुजबुजले.

काकांच्या घरी सून शिलाई मशीनवर बसली होती. सासऱ्यांची पँट खालून दुमडून टीप घालत होती. कापड चांगलं म्हणून ते जुन्या पँटी टाकू देत नाहीत, आणि दर वर्षी त्या थोड्या आखूड कराव्या लागतात, असं तिने हसत सांगितलं. सायकलचा विषय निघताच मात्र तिचं हसू मावळलं.

"मला ती फेरी नकोच आहे. मागे न्हाणीघरात घसरले तेव्हा माझा जीव थाऱ्यावर नव्हता. पण मी चोरायचं म्हटलं असतं ना, तर अख्खी सायकल चोरली असती. सीट घेऊन मी काय करू?"

तुफानकाका बाहेर आले. कमरेला शर्यतीत जिंकलेला पट्टा होता, पितळी बकलाचा. त्यांनी बातमी शांतपणे ऐकली. "जाऊ द्या. सापडणार नाही ती. फेरी त्या उपविजेत्याला मारू दे."

बाहेर पडल्यावर बंधुराज म्हणाले, "बघ, किती मोठं मन."

"हो ना," ताई म्हणाली. "फारच मोठं."

संध्याकाळी तिने सगळ्यांना मिस्त्रींच्या दुकानात बोलावलं.

"चूक मिस्त्रींची आहे," तिने सुरुवात केली. मिस्त्रींच्या हातातला पाना खाली पडला. "चोर भोकात चिंधी कोंबत बसत नाही, नट आवळत नाही. हे जुन्या शर्यतवाल्याचे हात. सूनबाई सुटल्या, राहिले दोघे. सीटवरून कोणीतरी पुढे घसरलं आणि दांडीवर ओरखडा उठला. इलॅस्टिकच्या पँटने ओरखडा उठत नाही. बकलाने उठतो."

सगळ्यांच्या नजरा पितळी बकलाकडे वळल्या.

"पण स्वतःचीच सीट?" बंधुराज म्हणाले.

"ज्या पँटी दर वर्षी आखूड कराव्या लागतात, त्यांच्या मालकाची उंची तीच राहिलेली नाही. मिस्त्रींनी सायकल बांधली ती फोटोतल्या माणसासाठी. चालवायची आहे काकांना. रोज डोकं खाणारा माणूस आज शांत होता, कारण सीट कुठे आहे ते त्यांना ठाऊक होतं. काका, उशाखालीच आहे ना?"

काकांनी बकल हाताने झाकलं. मग खाली बघतच म्हणाले, "पाय पेडलपर्यंत पोचला नाही. ज्या सायकलवर मी जिंकलो, ती मला मोठी होते. उद्या मैदानात हे दिसलं असतं. मला लाज वाटली."

सुनेने डोळ्यांना पदर लावला.

"आणि उपविजेते," ताई म्हणाली, "तुम्ही यांच्याहून वीतभर उंच होता. यांची सीट तुम्हाला बुटकी पडायला हवी. आज ती फिट कशी बसली?"

उपविजेत्यांनी फोटो पाहिला, स्वतःकडे पाहिलं, आणि फोटोतल्यासारखेच खदाखदा हसले. "अरे तुफान, आखूड होण्यातसुद्धा आपण शर्यत लावली होती की. आणि मला पत्ताच नाही."

मग काकाही हसले. स्वतः घरी जाऊन सीट घेऊन आले. तिला त्यांनी तेलपाणी करून ठेवलं होतं. मिस्त्रींनी फोटो खिशात घातला, काकांना सायकलवर बसवलं आणि त्यांच्या पायाकडे बघत नळी खाली सरकवली. ओरखडा बुजवायला ते रंग शोधू लागले, तर काकांनी अडवलं. म्हणाले, तो माझा आहे, राहू दे.

सकाळी तुफानकाकांनी फेरी मारली. मागून उपविजेते, सवयीने दुसरे. कडेने सून जीव मुठीत धरून धावत होती, आणि तिच्यामागे बंधुराज, उगाच.

शेवटच्या वळणानंतर काकांनी ब्रेक लावला, सुनेसमोर थांबले आणि पाय जमिनीवर ठेवला.

"पाहिलंस?" ते म्हणाले. "टेकतो."