दुपारी खिडक्या उघडू नयेत

मे महिन्यातल्या भर दुपारी गुडगावात गच्चीवर अनवाणी कुणी उभं राहत नाही. हा उभा होता. बूट हातात, पँट वर दुमडलेली, आणि स्वतःशीच पुटपुटत होता, "अरेच्चा... चटका कसा बसत नाही?"

"कारण ती गच्ची मी केलीय," मी जिन्यातून म्हणाले.

तो असा दचकला, की एक बूट खालीच पडला. "तुम्ही मराठी?"

"नागपूरची. लुंबिनी. या घराची आर्किटेक्ट. आणि तुम्ही माझ्या गच्चीवर काय करताय?"

"मी यशोधन. पुण्याचा." मग जरा मान खाली घालून, "एसी कंपनीतला."

झालं. अख्ख्या गुडगावात एक मराठी माणूस भेटावा, तर तोही शत्रुपक्षाचा.

दिल्लीतल्या मयूर विहारच्या फ्लॅटांत उकडून निघालेल्या काही कुटुंबांनी सोसायटी काढून इथे प्लॉट घेतले होते. दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. चहूकडे काचेच्या चकचकीत इमारती उठत होत्या आणि लाइट मात्र मनाला येईल तेव्हा जायची. मी म्हटलं, विजेवाचून गार राहतील अशी घरं बांधू. पश्चिमेची भिंत दुहेरी, मधे हवेची पोकळी. खिडक्यांवर खोल छज्जे. गच्चीवर पांढऱ्या चिनी मातीचे तुकडे. सोसायटीने एक नमुना घर बांधू दिलं. कमिटीला पटलं तर सगळी घरं माझ्या नकाशाने. नाही पटलं तर काचेची घरं, खोलीखोलीत एसी, आणि मी नागपूरला परत. बाबांनी त्याच बोलीवर मला दिल्लीला पाठवलं होतं.

यशोधन आला होता तो या घराला किती एसी लागतील ते बघायला. एका दिवसाचं काम. पण हा पठ्ठ्या रोज हजर.

"तुमची मोजणी संपत कशी नाही हो?" मी एकदा विचारलंच.

"काय आहे ना... तापमान सारखं बदलतं."

"खोलीचं?"

"खोलीचं कुठे... माझं."

मी पटकन भिंतीकडे तोंड फिरवलं. प्लास्टर बघायचं होतं मला. हसत वगैरे नव्हते.

हळूहळू 'अहो'चं 'ए' झालं. मुनिरक्यातली त्याची भाड्याची खोली म्हणजे नुसती भट्टी होती, म्हणून सुट्टीच्या दिवशीही तो इथेच येऊन बसायचा. माझ्या डब्यातला पाटोडीचा रस्सा खाताना त्याच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहायचं आणि तरी म्हणायचा, "छान आहे... बिल्कुल तिखट नाही." खोटारडा मेला. पण त्याच्याखेरीज दुपार सुनी वाटायला लागली होती, हे खरं.

कमिटी यायची त्या दिवशी मी त्यांना आणायला मयूर विहारला गेले. किल्ली यशोधनकडे दिली. म्हटलं, जरा झाडून ठेव, चटया घाल. खिडक्यांबद्दल काही बोलले नाही. नागपूरच्या पोरांना ते सांगावं लागत नाही. उन्हं चढली की दारं-खिडक्या लावायच्या, ते थेट सांजेला उघडायच्या. आमच्याकडे मूल चालायला लागायच्या आधी हे शिकतं.

पण तो पुण्याचा ना.

आम्ही पोचलो तेव्हा घरातली एकूण एक खिडकी सताड उघडी होती. लू, म्हणजे उन्हातला तो भाजून काढणारा वारा, इकडून शिरत होती, तिकडून बाहेर पडत होती, आणि मधे यशोधन घामाने निथळत उभा होता. "मस्त हवा खेळती केलीय बघ," तो म्हणाला.

अध्यक्षा कौशल्याजी पदराने वारा घेत म्हणाल्या, "बेटी, यह तो तंदूर है."

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "यशोधन... लू चालू असताना खिडक्या उघडतात का रे?"

त्याचा चेहरा पडला. तो खोल्याखोल्यांतून पळाला आणि धडाधड खिडक्या लावून आला. मग कौशल्याजींसमोर उभा राहिला.

"गलती मेरी है, इनकी नहीं. मैं एसी बेचता हूँ जी. यह घर गरम निकले तो फ़ायदा मेरा ही है. फिर भी कह रहा हूँ... ज़रा दीवार पर हाथ रखिए."

कौशल्याजींनी नाखुशीनेच तळवा टेकवला. मग दुसरा. मग चक्क गाल. "अरे, यह तो ठंडी है..."

"हवा गरम हुई है, दीवारें नहीं. बस, थोड़ी देर बैठिए."

बसलो. अर्धवट अंधारात, चटयांवर, माठातलं पन्हं पीत. तेवढ्यात लाइट गेली. समोरच्या काचेच्या इमारतीतले जनरेटर गुरगुरायला लागले. आमच्याकडे बंद पडण्यासारखं काही नव्हतंच. हळूहळू कपाळावरचा घाम वाळला. आवाज मऊ झाले. आणि भिंतीला टेकलेल्या कौशल्याजी बघता बघता घोरू लागल्या.

खजिनदार कुजबुजले, "इनको तो कूलर के आगे भी नींद नहीं आती."

बऱ्याच वेळाने त्या जाग्या झाल्या, केस सारखे केले आणि म्हणाल्या, "अब पूछना क्या है? मुझे तो यही घर चाहिए."

सगळे गेल्यावर ऊन उतरलं. मी यशोधनला खिडकीपाशी नेलं. "आता. आता उघडायची."

कडीवर त्याचा हात होता, त्यावर माझा. कडी काही लवकर निघेना. आम्हालाही घाई नव्हती.

"एकही एसी खपला नाही माझा," तो म्हणाला. "आणि... हे मला रोज कुणीतरी सांगायला लागेल, लुंबिनी. सकाळी लाव, सांजेला उघड."

"रोज?"

"रोज. जन्मभर."

मला हो म्हणायचं होतं. पण विचारायला हवं ते विचारलं. "आमच्या घरी देव्हारा नसतो. बुद्ध असतो. तुझ्या आईला चालेल?"

"विचारलंय. आधी दोन दिवस बोलली नाही. मग म्हणाली, बुद्ध शांत असतो, पण नागपूरची पोरगी शांत असेल का ते बघ."

"मग काय बघितलंस?"

"अजिबात नाही," तो म्हणाला. "म्हणून तर..."

खिडकी उघडली. बाहेरच्या कडुनिंबाचा गार वारा आत आला आणि मी त्याच्या खांद्यावर डोकं टेकवलं.

मग कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून बाबांना फोन लावला.

"बाबा, मी परत येत नाही. घर पास झालं. आणि... एक पुण्याचा मुलगा आहे. यशोधन. मला आवडतो."

बूथबाहेर यशोधन काचेला नाक लावून उभा होता.

"पोट्ट्याले उन्हात खिडक्या लावाचं समजते का?" बाबांनी विचारलं.

"आजच शिकला, बाबा," मी म्हणाले.