किटलीतला तिसरा उजेड

स्टीलच्या किटलीचा फोटो काढायचा म्हणजे अख्ख्या खोलीचा फोटो काढायचा. लाकूड उजेड पितं, कापड तर गटागट पितं. किटली मात्र काही म्हणजे काही पोटात ठेवत नाही. समोर दिवा असेल तर दिवा दाखवील, खिडकी असेल तर खिडकी, आणि तुम्ही कोपराला फाटलेला सदरा घालून कॅमेऱ्यामागे उभ्या असाल तर तोही दाखवील. म्हणून आमच्या कामातला निम्मा वेळ लपवण्यात जातो. पुढे जी चकचकीत किटली दिसते, तिच्या मागे थर्माकोलचे तुकडे, कपडे वाळत घालायचे चिमटे लावलेला बटर पेपर, काळे पुठ्ठे आणि वाळूच्या पिशव्या बांधलेले स्टँड असा सगळा पसारा असतो.

हा पसारा आमच्या तिसऱ्या खोलीत होता, आणि भांडणाचं मूळही तीच खोली होती. तिच्या एका टोकाला माझे दिवे, दुसऱ्या टोकाच्या कोपऱ्यात नवऱ्याचं टेबल. तो घरून काम करतो. दिवसभर हेडफोन लावून अनोळखी माणसांना त्यांचा संगणक कसा चालवायचा ते समजावतो. मला ऐन फोटोच्या वेळी अंधार हवा, त्याला उजेड. मला शांतता हवी, तर त्याचं दर पाच मिनिटांनी, "आवाज येतोय का? माझा आवाज येतोय का?"

दोन वर्षं हे चाललं. शेवटी माझ्या नणंदेने निकाल दिला. "वहिनी, शनिवारपर्यंत तुझे त्या भांड्यांच्या कॅटलॉगचे छत्तीस फोटो मंजूर झाले तर खोली तुझी. नाही झाले तर माझ्या भावाची, आणि तुझे दिवे माळ्यावर. रविवारी मी स्वतः येते सामान हलवायला. दोघांनीही तोंडं पाडायची नाहीत."

"ताई, तू माझी बहीण आहेस ना?" नवरा म्हणाला.

"म्हणून तर दोन वर्षं गप्प होते."

माळ्यावर गेलेली वस्तू आमच्या घरात परत खाली येत नाही. माझी शिलाईची मशीन गेली, हार्मोनियम गेली. दिवे गेले की माझं काम गेलं, हे मला कोणी सांगायला नको होतं.

सोमवारी सकाळी देवाचं नाव घेऊन मांडणी केली. खिडकीला काळं कापड, कडांना पट्टी. डावीकडे एक सॉफ्टबॉक्स, म्हणजे तोंडाला पांढरं कापड लावलेला मोठा दिवा, उजवीकडे एक. स्टँडच्या पायांपाशी जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा केल्या, म्हणजे धक्का लागला तरी जागा चुकत नाही. दिव्यांना लाल, कॅमेऱ्याला निळी. माणसाचा फोटो असेल तर पिवळ्या पट्टीचा इंग्रजी टी काढायचा. आडव्या रेषेला त्याने पायांचे अंगठे लावायचे, उभी रेष दोन पावलांच्या मधे. मग म्हणायचं, किंचित डावीकडे, हनुवटी जरा वर, आता हलू नका. पण या वेळी माणसं नव्हतीच, त्यामुळे पिवळी पट्टी पिशवीतच राहिली.

पहिला फोटो काढला आणि स्क्रीनवर मोठा करून पाहिला. किटलीच्या पोटावर डावीकडे एक पांढरा लांबट पट्टा, उजवीकडे एक. दोन दिवे, दोन पट्टे. आणि मुठीच्या खाली, नखाएवढा, तिसरा. उभा, चौकोनी, सरळ कडांचा.

"तुझा मॉनिटर बंद कर," मी म्हणाले.

"मी कामात आहे."

"मी काय भातुकली खेळतेय?"

त्याने मॉनिटर बंद केला. तिसरा चौकोन तिथेच. दुसरा मॉनिटर बंद केला. तिथेच. टेबलावरचा दिवा, फोन, कीबोर्डची लुकलुकणारी लाल टिकली, सगळं बंद झालं. तो काळ्याकुट्ट खोलीत हाताची घडी घालून बसला आणि पलीकडच्या माणसाला म्हणाला, "सर, एक मिनिट हं, आमच्याकडे किटलीला त्रास होतोय."

मी मॉनिटर उचलून बाहेर जेवणाच्या टेबलावर नेऊन ठेवले. बंद काचही चमकते. परत आले, फोटो काढला. चौकोन नखाएवढा होता तो काडेपेटीएवढा झाला होता.

मंगळवार अख्खा त्यातच गेला. कापड दुहेरी केलं. दाराच्या फटीत टॉवेल कोंबला. भिंतीवरचं घड्याळ उतरवलं, कपाटाच्या कड्यांना काळी पट्टी लावली. आमच्यात एक साधी युक्ती आहे: चमक कुठून येते ते कळत नसेल तर काळा पुठ्ठा हातात धरून हळूहळू फिरवायचा. किटलीतली चमक ज्या क्षणी विझेल, त्या रेषेत दिवा. मी नवऱ्याला पुठ्ठा धरायला लावला.

"डावीकडे. अजून. थांब. विझला."

तो त्याच्याच टेबलापाशी उभा होता.

"आता भिंतीला टेकव."

त्याने पुठ्ठा मागे नेऊन भिंतीला सपाट टेकवला. किटलीत चौकोन पुन्हा उगवला. म्हणजे तो भिंतीतून येत नव्हता. पुठ्ठा वीतभर पुढे घेतला, तरी चौकोन होताच. टेबलाच्या पुढे आणला की विझायचा. हिशेब सरळ होता. उजेड होता त्याच्या खुर्चीच्या वर, हवेत.

मी तिथे प्रकाश मोजायचं यंत्र धरलं. शून्य. तळहात धरला. हातावर काही नाही, काळोख. पण मान वळवून किटलीत पाहिलं, तर तिच्यात पांढऱ्या चौकोनावर पाच बोटं स्पष्ट दिसत होती.

"गंमत आहे," नवरा म्हणाला.

"गंमत तुला. चार दिवस उरलेत आणि एक किटली झालेली नाही. उद्या टेबल बाहेर काढ."

"हे बघ, म्हणजे निकाल लागायच्या आधीच मी बाहेर?"

"चार दिवसांसाठी!"

"मॉनिटरही एका तासासाठी गेले होते."

बुधवारी टेबल गेलं. ते दारातून आडवं निघेना, उभं निघेना. शेवटी पाय काढावे लागले. जाताना त्याने चौकटीचा रंग उडवला, आणि मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. मग खुर्ची. मग कागदांची टोपली. कोपरा रिकामा झाला. उरला नवरा, हेडफोन गळ्यात घेऊन उभा.

"आता मीच राहिलोय. मलाही काढ."

"काढते," मी म्हणाले, आणि त्याच्या मागे दार लावलं. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

चौकोन आता किटलीच्या अर्ध्या पोटावर पसरला होता. दारासारखा. मी जेवढं काढत होते तेवढी त्याला जागा होत होती, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. पण रागावलेल्या माणसाला पुढचं दिसत नाही. मी रागाने माझे दोन्ही दिवे बंद केले. किटली विझली नाही. काळोखात ती एकटी, एका बाजूने उजळलेली, तिच्या तोटीवर केसाएवढी रेघ, मुठीवर मऊ सावली. इतका देखणा उजेड मला सव्वीस वर्षांत जमलेला नव्हता. पुरावा म्हणून एक फोटो काढला, नवऱ्याला दाखवायला. मग दिवे लावले आणि दुपारभर त्या चौकोनाशी झटापट करून, हरून, जे होते ते चार नमुने कॅटलॉगवाल्या बाईंना पाठवून दिले. पाठवताना तो पुराव्याचा फोटोही त्यांच्यात गेला.

गुरुवारी सकाळी त्यांचा फोन.

"अहो, चार टाकाऊ आहेत."

"कळलं."

"पण पाचवा! पाचवा काय आहे हो? माझी मुलगी म्हणाली, आई, ही किटली उचलावीशी वाटते. मला छत्तीसच्या छत्तीस याच उजेडात हवेत. कसा केलात?"

आता इथे शहाण्या बाईने काय म्हणावं? की बाई गं, तो उजेड माझा नाही. मी काय म्हणाले?

"जमेल."

आमच्या धंद्यात हाच पहिला धडा आहे: जो दिवा विझवता येत नाही त्याला कामाला लावायचं. मी दोन्ही सॉफ्टबॉक्स मिटून भिंतीशी ठेवले आणि फक्त त्याच्यावर फोटो काढत गेले. किटल्या, जग, साखरदाण्या. एकही फोटो वाया गेला नाही. नवऱ्याला मात्र आत येऊ देत नव्हते. एकदा तो पाण्याची बाटली विसरला म्हणून आला, तर उजेड निम्म्यावर उतरला.

"बाहेर!" मी ओरडले.

"माझी बाटली..."

"बाहेर म्हटलं ना!"

तो गेला. उजेड परत चढला.

अकराव्या भांड्याला मला चौकोनात काहीतरी दिसलं. फोटो मोठा केला. खाली एक आडवी काळी रेघ, टेबलाच्या कडेसारखी. तिच्या मागे कोणीतरी पाठमोरं बसलेलं.

मला वाटलं, हा परत आत आला. "अरे, तुला सांगितलं ना..." म्हणत वळले. कोपरा रिकामा. टेबलाच्या पायांचे चार ठसे तेवढे फरशीवर.

बाहेरून त्याचा आवाज आला, "सर, आता उजवीकडचं बटण दाबा."

मी दारातून सबंध खोलीचा फोटो काढला. कोणती वस्तू कुठे होती ते लक्षात राहावं म्हणून रोज काढते. त्यात कोपरा रिकामाच होता. रात्री किटल्यांच्या फोटोंतून ती काळी आकृती एकेक करून पुसली. पुसायला काय लागतं? दोन मिनिटं.

शुक्रवारी सत्तावीस झाले. अठ्ठाविसाव्यात ते बसलेलं कोणीतरी उभं होतं.

तिसाव्यात त्याच्या शेजारी तीन पायांचं काहीतरी होतं. मी ते लगेच ओळखलं, कॅमेऱ्याचा स्टँड. रोज हाताळते.

बत्तिसाव्यात त्याचं तोंड माझ्याकडे होतं. तोंड दिसत नव्हतं. उजेड मागून होता.

मी थांबायला हवं होतं. चार भांडी राहिली होती.

तेहतीस.

चौतिसाव्याला त्याने एक हात वर केला होता, तळहात आडवा, बोटं सैल. मी हा हात हजार वेळा केलाय. किंचित डावीकडे. पण तो माझ्याकडे नव्हता. माझ्या खांद्यावरून मागे, बंद दाराकडे होता.

दारापलीकडे जेवणाचं टेबल होतं.

पस्तीस.

छत्तीस.

शनिवारी दुपारी बाईंचा निरोप आला: सगळे मंजूर. मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभी राहिले. आनंद व्हायला हवा होता. आठवड्याचा सगळा राग अंगातून उतरला आणि त्याच्या जागी काहीच आलं नाही. खोलीत जाऊन खिडकीवरचं कापड काढलं, किटली हातात घेतली, चारी बाजूंनी फिरवली. तिच्यात माझा चेहरा होता, खिडकी होती, मिटलेले दोन दिवे होते. चौकोन नव्हता. रिकाम्या कोपऱ्यात साधी, मळकी, दुपारची सावली होती.

रविवारी नणंद आली. तिने कमरेला पदर खोचला, खोलीभर नजर फिरवली आणि म्हणाली, "जिंकलीस वहिनी. आता याला कुठे बसवायचं?"

"मी बसलोय ना," नवरा बाहेरून म्हणाला. "इथेच बरं आहे."

"रुसलास?"

"नाही गं ताई, खरंच. इथे उजेड छान आहे. कुठून येतो कळत नाही, पण डोळ्यांना त्रास होत नाही."

नणंद हसली. "बघ, उगीच दोन वर्षं भांडलात."

जेवणाच्या जागेला खिडकी नाही. वर एक गोल दिवा आहे, तो बंद होता. नवरा हेडफोन लावून भिंतीकडे तोंड करून बसला होता आणि त्याचा उजवा गाल, नाकाची कड, कानाची पाळी, सगळं मऊ उजळलेलं होतं. वयाने दहा वर्षांनी लहान दिसत होता. त्याच्या गालावर उजेडाची कड सरळ होती.

"तू आत ये," मी म्हणाले. "टेबल आत घेऊया. खोली तुझी. मला नको."

"आता? वेड लागलंय का? पाय जोडायला एक तास लागला." मग हेडफोनमध्ये, "हो सर, आहे मी. माझा आवाज येतोय का?"

पलीकडून काय आलं कोण जाणे. तो क्षणभर ऐकत राहिला. मग खुर्ची किंचित डावीकडे सरकवली. हनुवटी जराशी वर उचलली.

त्याचं पेन घरंगळून खाली पडलं. तो हलला नाही. मी वाकले.

माझ्याकडे लाल पट्टी आहे, निळी आहे, पिवळी आहे. पांढरी मी कधी आणलेली नाही. टेबलाखाली फरशीवर पांढऱ्या पट्टीचा टी होता. कडा झिजलेल्या, डिंकाला धूळ चिकटून काळी झालेली, जशी खूप वर्षांपूर्वीची असावी तशी.

त्याचे दोन्ही अंगठे बरोबर रेषेला लागलेले होते.